भोंगा वाजला आणि गाव नदीवर आलं

आपत्ती नसते तेव्हा तुमचा विभाग काय करतो, असा प्रश्न मला नोकरीभर लोकांनी विचारला. लग्नात शेजारी जेवायला बसलेल्यांनी विचारला, माहेरच्या माणसांनी विचारला, आणि एकदा तर आमच्याच कचेरीतल्या लेखा शाखेच्या माणसाने विचारला. त्याला मी म्हटलं, "तुमच्या घरी चोर नसतो तेव्हा कुलूप काय करतं?" तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आता निवृत्त झाल्यावर रागावण्याचं कारण उरलेलं नाही, म्हणून सरळ उत्तर देते.

मी मूळची जामनेरची. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडले. मधली बरीच वर्षं धुळ्यात गेली. तिथे आपत्तीचं टेबल माझ्याकडे आलं ते कुणालाच नको होतं म्हणून. आमच्या जामनेरकडची बोली वेगळी, पण धुळ्याकडची अहिराणी ऐकून ऐकून मला येऊ लागली. बोलायला गेले की खेड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत, तरी मी बोलत असे.

तर काम असं असतं. दर उन्हाळ्यात एक आराखडा करायचा. पूर आला तर कुठली गावं पाण्यात जातात, तिथली माणसं कुठे न्यायची, दोरखंड कुठे आहेत, होड्या कुठे आहेत, जेसीबी कोणाकडे आहे, पट्टीचे पोहणारे कोण, सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात आहे, हे सगळं त्यात असतं. ही यादी गेल्या वर्षीच्या फाइलवरून उतरवून काढायची आणि वर नवं साल घालायचं, अशी जुनी पद्धत होती. मी टेबलावर बसले तेव्हा यादीतल्या एका पोहणाऱ्याला फोन लावला. मुलाने उचलला. म्हणाला, "मॅडम, वडील जाऊन पाच वर्षं झाली." मी दुसरा लावला, तर ते गृहस्थ पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या दिवसापासून मी यादीतला प्रत्येक नंबर दर मे महिन्यात स्वतः फिरवत आले. कचेरीत लोक हसायचे, पण माझ्या यादीत पुन्हा मेलेला माणूस सापडला नाही. याचा मला आजही गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

पावसाळ्यात नियंत्रण कक्ष चालू होतो. म्हणजे एक खोली, दोन फोन, एक नोंदवही आणि पाळीपाळीने बसणारी माणसं. तिथे कोण फोन करतं? पूर आलेला माणूस क्वचितच करतो, त्याचे हात दुसरीकडे गुंतलेले असतात. एक बाई विचारायच्या, "येत्या रविवारी मुलीची हळद आहे, मांडव गच्चीवर घालू की हॉलमध्ये?" आणखी एक आजोबा रोज अकराला फोन करायचे. "चालू आहे का?" मी म्हणायची, "चालू आहे." ते म्हणायचे, "बरं," आणि ठेवून द्यायचे. महिनाभराने मी चिडून विचारलं की तुम्हाला हवंय तरी काय. ते शांतपणे म्हणाले, "काही नको बाई. वेळ आली तर नंबर लागतो का, ते बघून ठेवतो." मला शरम वाटली. अख्ख्या तालुक्यात खरी पूर्वतयारी करणारा तो एकटाच नागरिक होता.

एक गोष्ट या कामात लवकर शिकायला मिळते. आपल्याला वाटतं की संकट दिसलं की माणसं पळतात. तसं होत नाही, माणसं बघायला येतात. सोनगीरजवळ महामार्गावर खाद्यतेलाचा टँकर उलटला होता तेव्हा मी टेबलावर नवी होते. आम्ही पोहोचायच्या आधी लोक हंडे, बादल्या, पातेली घेऊन पोहोचलेले. सोनगीर म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, तिथे भांड्यांना काय तोटा! मी घसा फुटेस्तोवर ओरडले, "मागे व्हा, जाऊ नका." कोणी ढिम्म हललं नाही. काही दिवसांनी तिथून जवळच दुसरा टँकर उलटला, त्यातून डोळे झोंबणारं काहीतरी गळत होतं, आणि तीच माणसं तीच भांडी घेऊन आली. एक जण मला म्हणाला, "मॅडम, काय आहे ते आधी बघू तर द्या."

तिथे रस्त्याकडेला एका शेठजींचं दुकान होतं. घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या सोनगीरलाच. ते ओट्यावरून सगळं बघत होते. ते दुकानातून बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "चला रे, माझ्या गोदामापाशी चला, सगळ्यांना ताक आहे." अर्धी गर्दी त्यांच्या मागे गेली. नंतर ते मला म्हणाले, "मॅडम, 'जाऊ नका' सांगून आपला माणूस ऐकत नाही. कुठे जायचं ते सांगा, मग तो जातो." मी ते डायरीत लिहून घेतलं. आणि डायरीत लिहून घेतलेल्या गोष्टी जशा विसरतात, तशी विसरून गेले.

आता माझ्या चुकीबद्दल लिहिते. खरं तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

पांझरेच्या काठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गावाची काही चूक नव्हती. महादेवाचं देऊळ, देवळापुढे नदीत उतरणारा दगडी घाट, घाटाला लागून पाणी अडवायचा बंधारा आणि गावाच्या मागे टेकडावर शाळा. वर डोंगरात पाऊस झाला आणि धरणाची दारं उघडली की गावात कडक ऊन असतानाही पाणी चढतं. म्हणून रंगीत तालमीसाठी आम्ही हे गाव निवडलं होतं. रंगीत तालीम म्हणजे पूर आल्यासारखं करायचं आणि सगळ्यांनी आपापलं काम करून बघायचं. नाटकवाल्यांचा शब्द सरकारने का घेतला ते मला माहीत नाही, पण पुढे जे झालं त्यात तो अगदी चपखल बसला.

आमची तालीम देखणी होत असे. घाटावर मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. वरिष्ठ येत, सरपंच येत. कोतवाल गोरख ग्रामपंचायतीचा हाताने फिरवायचा भोंगा वाजवी. भोंगा वाजला की गाव घाटावर जमे, कारण होडी, दोर, टायर सगळं तिथेच असायचं आणि बुडणारा माणूसही तिथेच बुडायचा.

बुडणारा माणूस म्हणजे भिका आबा. जातीचा भोई, वय साठीच्या पुढे, पण पाण्यात गेला की पंचविशीचा. त्याला ऐकायला कमी यायचं, भोंगा तेवढा ऐकू यायचा. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. भोंगा वाजला की आबाने बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालत तिसऱ्या खांबावर जाऊन बसायचं. मी घाटावरून लाल झेंडी हलवली, किंवा गावातलेच आमचे दोन पोहणारे बंधाऱ्यावर पाऊल टाकताना दिसले, की त्याने डोहात उडी टाकायची आणि "वाचवा" म्हणून ओरडायचं. मग पोहणारे त्याला बाहेर काढत. मी हातातल्या लाउडस्पीकरवरून सूचना वाची: "पाणी येत आहे, सर्वांनी ताबडतोब उंच ठिकाणी जावे." लोक टाळ्या वाजवत. उंच ठिकाणी कोणी जात नसे. मग पोहे आणि चहा. आबा ओल्या धोतरानेच पोह्यांची दुसरी बशी घेई आणि मला विचारी, "अक्का, बराबर बुडनू ना?" मी म्हणायची, "फस्क्लास, आबा."

तीन वर्षं अशी तालीम झाली. तिन्ही अहवाल मी लिहिले. तिन्हींत लिहिलं, "ग्रामस्थांचा प्रतिसाद उत्तम." यादीतला एकेक नंबर तपासणारी मी, या वाक्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नाही.

चौथ्या वर्षी श्रावणातली गोष्ट. साक्रीकडच्या डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळत होता. धुळ्यात मात्र स्वच्छ ऊन. दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि वरच्या धरणातून विसर्ग वाढवत असल्याचा निरोप आला. निरोप वेळेवर आला होता, नियमाप्रमाणे आला होता. मी लगेच तलाठ्याला, पोलीस पाटलाला आणि गोरखला फोन केले. नेमके शब्द आठवतात. मी म्हटलं, "गोरख, भोंगा वाजव. मी निघाले." पाणी पोहोचायला तास-सव्वा तास लागेल असा हिशेब होता. डबा तसाच ठेवून जीपमध्ये बसले.

वाटेत पुलावरून नदी पाहिली. मधल्या नाल्यांचं पाणीही येऊन मिळालं होतं. पाणी गढूळ झालं होतं, त्यावर काटक्या आणि फेस होता. तास-सव्वा तास विसरायचा होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, आता हॉर्नवरचा हात काढू नका."

गावात शिरलो तर जीप पुढे जाईना. गल्ली माणसांनी भरलेली, आणि सगळी नदीकडे चाललेली. बायांनी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसलेल्या. पोरं पुढे धावत होती. काही म्हाताऱ्यांनी बसायला घोंगडी घेतलेली. मी जीपमधून उतरून पळत घाटावर गेले. तिथे पायऱ्यांवर दाटीवाटीने दीड-दोनशे माणूस बसलेलं, आणि खालच्या पायरीवर सगळ्यात पुढे लहान मुलं, नीट दिसावं म्हणून.

एका बाईने मला पाहून हाक मारली, "अक्का, मंडप कोठे शे? यंदा खुर्च्या नही का?"

दुसरी म्हणाली, "साहेब येई राह्यना का? आम्ही तवयपासून बठेल शेतस."

मी जीपमधून आणलेला लाउडस्पीकर उचलला आणि ओरडले, "पाणी येत आहे! सर्वांनी ताबडतोब उंच ठिकाणी जावे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. पाण्याची नाही, त्या टाळ्यांची. तीन वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं की भोंगा वाजला की नदीवर यायचं आणि बाई ओरडली की टाळ्या वाजवायच्या. माझं गाव धडा चोख म्हणून दाखवत होतं. मी पुन्हा ओरडले, "अहो, हाई नाटक नही शे! खरं पानी येई राह्यनं!" माझी अहिराणी ऐकून ते आणखी हसले. एक म्हातारा वर बघून म्हणाला, "ऊन पडेल शे अक्का, पानी कथाईन येई?"

मी पोरांना हाताला धरून ओढायला लागले. एकाला वर ठेवलं की दुसरं खाली. खालची पायरी आता ओली होती. मघाशी ती कोरडी होती, हे मी पाहिलं होतं.

आणि मग मला सोनगीरचे शेठजी आठवले. मी श्वास घेतला, आवाजातली सगळी घाई काढून टाकली आणि लाउडस्पीकरवर सांगितलं, "मंडळी, यंदा नाश्ता शाळेवर ठेवला आहे. पोहे गार व्हायच्या आत वर चला. उशिरा येणाऱ्याला जिलबी मिळणार नाही."

जिलबी कुठून सुचली देव जाणे. पण गाव उठलं. आधी पोरं सुटली, मग त्यांच्या मागे आया, मग घोंगड्या झटकत म्हातारे. "कशाले इतलं वर ठेवं?" अशी कुरकुर करत सगळे टेकड चढायला लागले. जे रेंगाळत होते त्यांना गोरख आणि तलाठी मागून रेटत होते. दहा मिनिटांत घाट मोकळा झाला. सरकारी नोकरीत मी एकही खोटी सही केली नाही, पण त्या दिवशी लाउडस्पीकरवरून अख्ख्या गावाशी खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

शाळेवर पोहे नाहीत हे कळल्यावर जो गिल्ला झाला तो मी सोसत होते. तेवढ्यात भिका आबाची बायको, जनाअक्का, गर्दीतून पुढे आली. ती शांत होती. म्हणाली, "आमना म्हातारा नही दिखी राह्यना."

मी विचारलं, "कुठे आहेत ते?"

"कोठे म्हनजे? भोंगा वाजना ना. बंधारावर गया. त्यानं काम शे ना ते."

घाटावर दोनशे डोकी बघता बघता मी बंधाऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी उतरत सुटले. मागे गोरख, त्याच्या मागे दोर घेऊन आमचे दोन पोहणारे. घाटावर पोहोचले तर आबा तिसऱ्या खांबावर बसलेला, पाय खाली सोडून, माझ्याकडे तोंड करून. बंधाऱ्याच्या माथ्यावरून अजून पाणी गेलेलं नव्हतं, पण वीतभरच राहिलं होतं. डोह घुसळून निघत होता. अंतर म्हणाल तर तीस-चाळीस पावलं.

मला पाहून आबा उभा राहिला आणि त्याने धोतर खोचलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात लाल झेंडी आहे. जीपमधून उतरताना लाउडस्पीकरबरोबर सवयीने उचललेली. मी ती पाठीमागे लपवली आणि खाली टाकून तिच्यावर पाय दिला. "आबा, या, या!" म्हणून ओरडले. त्याला काय ऐकू येणार! हात हलवून बोलवायला गेले तर गोरखने माझा हात खाली दाबला.

"अक्का, हात नका हलवू. आबा उडी टाकी."

पोहणारे बंधाऱ्याकडे धावले होते, त्यांनाही गोरखने देवळाआड ओढलं. ते बंधाऱ्यावर दिसले असते तरी आबाने उडीच टाकली असती. त्या डोहात उडी म्हणजे संपलंच होतं. त्या माणसाला वाचवायला आम्ही जे जे करायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीही केलं तर तो मरणार होता. सगळ्या खुणा मी स्वतः आखलेल्या. त्यात उडी टाकायच्या दोन खुणा होत्या. परत ये म्हणायची एकही नव्हती.

मी हाताची पाची बोटं तोंडाशी नेली. खायला चला.

आबाने मान हलवली. आणि बोटाने डोह दाखवला. म्हणजे आधी बुडणं, मग पोहे. तत्त्वाचा माणूस!

मग मी पायरीवर बसले. मांडीवर बशी धरल्यासारखा डावा हात धरला आणि उजव्या हाताने खायला लागले. गोरख माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग तोही शेजारी बसला आणि खायला लागला. पाणी आमच्या खालच्या दोन पायऱ्या गिळून वर येत होतं, आणि महसूल खात्याचे दोन नोकर घाटावर बसून हवा खात होते. मी बोटं चाटली. गोरखने तर लिंबू पिळलं. कोणी पाहिलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. मला हसू येत नव्हतं. मनात एकच चाललं होतं, उठ म्हाताऱ्या, उठ, यंदाची तालीम संपली.

आबा थोडा वेळ उभा राहिला. मग रागारागाने हात झटकला, आपलं काम न होताच खेळ आटोपला म्हणून, आणि बंधाऱ्यावरून आमच्याकडे चालत निघाला. दुसरा खांब ओलांडला. पहिला ओलांडला. पाचसहा पावलं राहिली होती तेव्हा पाण्याचा लोंढा बंधाऱ्यावरून आला. आबाचे पाय निघाले. तो घाटाच्या कोपऱ्यावर आदळला, तिथला दगड त्याने धरला, आणि पोहणाऱ्यांनी देवळाआडून धावत येऊन दोर टाकला. तिघाचौघांनी मिळून ओढला. त्याचा डावा गुडघा दगडावर फुटला होता.

देवळाच्या ओट्यावर पालथा घातल्यावर त्याने पाणी ओकलं, डोळे उघडले आणि मला विचारलं, "अक्का, आज बराबर बुडनू ना मी?"

मी "फस्क्लास" म्हणू शकले नाही. तिथेच त्याचं डोकं मांडीवर घेऊन हमसून रडले. मग सगळ्यांनी त्याला उचलून वर नेलं. आम्ही शाळेवर पोहोचलो तेव्हा घाट दिसेनासा झाला होता आणि देवळाच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. टेकडावर सगळे खाली पाण्याकडे बघत उभे होते. जिलबीबद्दल कोणी काही बोललं नाही.

जीवितहानी झाली नाही. वरून अहवालाचा मसुदा आला: नियमित रंगीत तालमींमुळे गाव सतर्क होते व त्यामुळे हानी टळली. मी फक्त सही करायची होती. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "तालमींमुळे गाव नदीवर आले. ही चूक माझी आहे." वरिष्ठांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. कशाला स्वतःच्या हाताने लिहून देता?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही-मी बदलून जाऊ. भोंगा तिथेच राहणार आहे." त्यांनी माझ्याकडून खुलासा मागवला. मी तीन पानी दिला. पुढे त्याचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आबाचा गुडघा काही सुधारला नाही. तो पुन्हा पाण्यात उतरला नाही. जाळं त्याने पुतण्याला दिलं. त्याच्या घरी गेले की तो पाय पसरून बसलेला असे आणि मला तो गुडघा माझ्या टेबलावरच्या फाइलीसारखा समोर दिसे. त्याने मात्र मला कधी दोष दिला नाही. एकदा मीच म्हणाले, "आबा, हे माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "अक्का, रडानं काम नको करू. आते कसं करानं ते सांग."

कसं करायचं ते मी सांगितलं. मंडप नाही. पाहुणे नाहीत. नाश्ता नाही. घाटावर कुठलंही काम नाही. भोंगा वाजला की नदीकडे पाठ करायची आणि शाळेवर चढायचं, एवढीच तालीम. प्रत्येक गल्लीची एक बाई आपल्या गल्लीची माणसं वर मोजणार. बायाच का, तर कोणाच्या घरी कोण पाहुणा आलाय आणि कोणाची सून माहेरी गेलीय हे तलाठ्याला नाही, त्यांना ठाऊक असतं. आणि आबाला मी सगळ्यात मोठं काम दिलं. त्याने काठी घेऊन गल्लीगल्लीत फिरायचं, दारं वाजवायची आणि सगळ्यांच्या शेवटी वर यायचं. शेवटचा माणूस तो.

पहिल्या खेपेला वर अकरा माणसं आली आणि तीन शेळ्या. पोहे नाहीत म्हटल्यावर कोण येतो! सरपंच म्हणाले, "मॅडम, गावाचा उत्साह गेला." मी म्हटलं, "जाऊ द्या. मी पुन्हा येते." पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. मग पुन्हा. बाया मला पाहिलं की म्हणायच्या, "उनी वं माय!" म्हणजे, आली गं बाई परत. मी सुट्टीच्या दिवशी गेले, बाजाराच्या दिवशी गेले, कापूस वेचणीत गेले आणि शिव्या खाल्ल्या. घरोघरी बसून सांगितलं की त्या दिवशी खालच्या पायरीवर कोणकोणाची पोरं बसली होती. मला नावं पाठ होती. आईच्या तोंडावर तिच्या पोराचं नाव घेतलं की ती ऐकायची.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या पावसाळ्यात मी न सांगता गेले. दुपारची वेळ होती. गोरखने भोंगा वाजवला आणि मी जीपपाशी घड्याळ धरून उभी राहिले. दारं उघडली. बाया चुली विझवून निघाल्या. म्हाताऱ्यांना दोघादोघांनी धरलं. कोणी नदीकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्लीतून आबाच्या काठीचा आवाज येत होता, दारावर, पत्र्यावर, ओट्यावर. हळूहळू तो आवाजही टेकडाकडे गेला.

मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं म्हणून मी घाटावर गेले. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही मला पाहून निघून गेलं. मी खालच्या पायरीवर, जिथे पोरं बसली होती तिथे, बसले. पाणी लांब होतं, उन्हात चमकत होतं. किती वेळ बसले ते घड्याळ हातात असून कळलं नाही.

वरून हाक आली. पाहते तर आबा देवळापाशी उभा. वर पोहोचून तो पुन्हा खाली उतरला होता, त्या गुडघ्याने.

"ओ अक्का! मोजनीमा एक मानूस कमी भरी राह्यनं! बठ्ठा गाव वर शे, तुम्ही खाले काय करी राह्यनात?"

मी उठून, हात तोंडाशी धरून ओरडले, "आबा, मी तपासायला आले होते!"

त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्याने काठी उचलून टेकड दाखवलं. "तपासनी मांगतून करा. भोंगा वाजेल शे. पह्यले वर चढा!"

साठीला टेकलेली मी, धडपडत पायऱ्या चढून त्याच्यापाशी आले. त्याला हात द्यायला गेले तर त्याने तो झटकला आणि मला पुढे व्हायची खूण केली. मग मी निमूटपणे पुढे झाले, आणि तो शेवटचा माणूस असल्यामुळे काठी टेकत माझ्या मागून चढला.